आधी रंग, मग वस्तू

पेंटरला कुणी विचारलं, की तुम्ही काम काय करता, तर तो सांगायचा, "गंजाशी भांडतो." आणि त्यात खोटं काही नव्हतं. खाडीच्या काठी तारांचा एक कारखाना होता. लोखंडी तारेची वेटोळी आधी तेजाबाच्या हौदात बुडवून स्वच्छ करायची आणि मग तिच्यावर जस्ताचा मुलामा चढवायचा, असं तिथलं काम. तार चकचकीत होऊन बाहेर पडायची, पण हौदातून उठणारी वाफ आजूबाजूच्या सगळ्या लोखंडाला खात सुटायची. जिने, कठडे, खांब, खिडक्यांचे गज, हौदांच्या डोक्यावरून जाणारी जाळीची वाट, काही म्हणजे काही सुटत नसे. वर खाडीचा खारा वारा होताच.

पेंटर आणि त्याचा जोडीदार मामा, दोघं वर्षानुवर्षं तिथे एकच काम करत आले होते. खरवडणीने गंज काढायचा, तारेच्या ब्रशने घासायचं, लाल प्रायमर मारायचा आणि तो वाळला की वरून रंगाचे दोन हात. कठड्यांना पिवळा, जिन्यांना करडा, पाइपांना ज्याचा त्याचा. पुढच्या दरवाज्यापासून सुरुवात करून मागच्या दरवाज्याशी पोचेपर्यंत पुढचा रंग फुगून त्याचे पोपडे निघायला लागलेले असत. मग पुन्हा डबे उचलायचे आणि पुढच्या दरवाज्याशी यायचं. पेंटर कधीकधी वैतागायचा. मामा मात्र मजेत असे. मामा हे काही खरं नातं नव्हे. तो साऱ्या जगाला 'भाच्या' म्हणून हाक मारायचा, म्हणून जग त्याला मामा म्हणायचं.

पेंटरच्या घरी माणसं तीन. तो, त्याची बायको आणि थोरली बहीण अक्का. बायको खिडकीशी मशीन मांडून लोकांचे कपडे शिवायची. अक्काने उभा जन्म एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काढला होता. नोकरी संपल्यावर ती भावाकडे राहायला आली, ती आपल्या जिभेसकट. नणंद-भावजयीचं छान जमायचं, म्हणजे दोघी मिळून पेंटरला बोलायच्या.

एके दिवशी सकाळी पेंटर हौदांवरच्या वाटेवर गुडघे टेकून गंज काढत होता. रोजचाच हात, रोजचाच जोर. पण एका जागी खरवडणी घसरलीच नाही, सरळ आत गेली, थेट मुठीपर्यंत. कडेची पट्टी वरून दिसायला शाबूत होती, रंगही धड होता. आत मात्र लोखंड म्हणून जे काही होतं, त्याचे वाळक्या पानासारखे थर सुटले होते. त्याने खरवडणी उपसली आणि भोकातून खाली पाहिलं. खाली हौद वाफाळत होता. आपण गुडघे कशावर टेकलेत हे त्याला तेव्हा कळलं.

तो उठून उभा राहिला नाही. पोटावर पालथा पडला आणि सरपटत मागे मागे येत खांबाशी पोचला.

"काय भाच्या, पोहायला शिकतोयस का?" मामाने खालून विचारलं.

पेंटरला हसू आलं नाही. त्याने वाटेच्या दोन्ही टोकांना दोरी बांधली, कुणी वर जाऊ नये म्हणून मामाला तिथे उभं केलं आणि दुरुस्ती खात्याच्या मॅडमकडे गेला. मॅडम मोजकं बोलणाऱ्या. त्या लगेच उठल्या, खालून शिडी लावून वाटेच्या पट्ट्या एकेक करून हातोडीने ठोकत गेल्या. काही पट्ट्या खणखण वाजल्या, काही नुसत्या भदभद. खाली उतरून त्यांनी हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "अख्खी वाट बंद. आजपासून."

संध्याकाळी घरी त्याने ही गोष्ट जमेल तितक्या साधेपणाने सांगितली. बायकोच्या मशीनचं चाक थांबलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही उभे असतात तर?"

"गुडघ्यांवर होतो गं. भार पसरलेला असतो."

"तुझा भार कुठला एवढा पसरायला," अक्का म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्या दिवशी तिने त्याला आणखी काही ऐकवलं नाही.

वाट दुरुस्त कशी करायची हा मोठाच घोळ होता. जुनं कापून नवं लोखंड जोडायचं तर ठिणग्या उडणार. तेजाबात लोखंड बुडलं की भडका घेणारा वायू सुटतो. तिथे ठिणगी म्हणजे आगीशी खेळ. म्हणजे हौद रिकामे करा, धुवा, कारखाना थांबवा. "आणि एवढं सगळं करून बसवायचं परत लोखंडच," मॅडम म्हणाल्या. "त्यापेक्षा फायबरची जाळी घालू."

"फायबर म्हणजे त्या खुर्च्या असतात तसलं?" पेंटरने विचारलं.

"खुर्च्या साध्या प्लास्टिकच्या. यात काचेचे धागे घातलेले असतात. काँक्रीटमध्ये सळ्या असतात ना, तसेच. ताण धाग्यांनी सोसायचा आणि रेझिनने, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकाने, त्यांना जागच्या जागी धरून ठेवायचं. या वाफेचं त्याला काही वाटत नाही."

दोन-चार दिवसांत फायबरचं काम करणारा एक मिस्त्री जाळीचा तुकडा घेऊन आला. शहराच्या टोकाला त्याची शेड होती. त्याने तो तुकडा दोन विटांवर ठेवला आणि मामाला म्हणाला, "मारा उडी." मामा अंगाने भक्कम. त्याने आधी एक पाय ठेवून पाहिला, मग दोन्ही ठेवले, मग खरोखरच उड्या मारल्या. तुकडा जरासा लवला आणि पुन्हा सरळ झाला. मामाने तो उचलून पाहिला, वास घेतला, नखाने ओरखडून पाहिलं.

"याला रंग किती वर्षांनी द्यायचा?" त्याने विचारलं.

"रंग आतूनच असतो," मिस्त्री म्हणाला. "द्यावा लागत नाही."

मामाने तुकडा खाली ठेवला.  संध्याकाळी हात धुताना म्हणाला, "तुला काय घाई होती सांगायची? एक पट्टी टाकून घेतली असती, वरून रंग मारला असता."

"रंगावर माणूस उभा राहत नाही, मामा."

"ते मला शिकवू नकोस. तू आपल्या दोघांच्या पोटावर पाय आणलास, एवढं लक्षात ठेव."

पेंटरने हात पुसले. मामाचं म्हणणं चूक होतं असं त्याला वाटत नव्हतं, आणि आपण काही वेगळं करायला हवं होतं असंही वाटत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी जाळी बसवायची होती. पेंटरला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो गेला. लोखंडी जाळीचा एक भाग वर चढवायचा तर साखळ्या, कप्पी आणि शिव्या लागत. इथे दोन माणसं खाट उचलावी तशी जाळी खांद्यावर घेऊन जिना चढली. कापायचं झालं तर तोंडाला मास्क लावून बिनदातांच्या गोल पात्याने कापत. ठिणगी म्हणून नाही, नुसता पांढरा भुगा. मग पकडी बसवायच्या, बोल्ट आवळायचे, कडेने फायबरचेच पिवळे कठडे लावायचे, पुढचा भाग घ्यायचा. दिवस मावळायच्या आत वाट पुरी झाली. पेंटर तिच्यावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. लोखंडावर पावलं वाजतात, सगळ्या कारखान्याला कळतं कोण आलं. इथे नुसती थपथप. वर वाळूचे कण चिकटवलेले, त्यामुळे ओल्या बुटांनीही पाय सरकत नव्हता.

"काम चांगलं आहे," तो मिस्त्रीला म्हणाला. "पिवळा मात्र वाईट आहे."

"काय वाईट आहे?"

"हा कठडा लिंबासारखा, तो हळदीसारखा. आणि मधला तो आजारी माणसासारखा."

मिस्त्री मोठ्याने हसला. "माझा हात धाग्यांवर चालतो हो. रंगाचं मला काडीचं कळत नाही. डब्यातून ओततो आणि ढवळतो. तुम्हाला कळतं, तर या की आमच्याकडे."

ते बोलणं त्या दिवशी तसंच राहिलं. पण वर्ष सरता सरता कारखान्यातले जिने गेले, कठडे गेले, नाल्यांवरची झाकणं गेली आणि त्यांच्या जागी फायबर आलं. फक्त जस्ताच्या भट्टीच्या बाजूला मॅडमनी लोखंडच ठेवलं, कारण तिथल्या धगीला फायबर टिकत नाही. रंगकामाच्या ठेकेदाराने दोघांना बोलावून सांगितलं, की आता एकाच माणसापुरतं काम उरलंय.

"मामाला ठेवा," पेंटर म्हणाला.

त्याला वाटलं होतं, मामा निदान पाठीवर हात ठेवेल. झालं उलटंच. "मला कुणाची भीक नको," असं म्हणून मामा डबा उचलून भट्टीकडे चालता झाला. काम त्याने सोडलं नाही, पण पेंटरशी बोलणं सोडलं. रस्त्यात समोर आला तरी विजेच्या खांबाकडे बघत जायचा.

मिस्त्रीची शेड म्हणजे लांबच लांब पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंनी उघडं, आणि आत नाकात चढणारा रेझिनचा वास. एका कोपऱ्यात न्हाणीघरांचे दरवाजे उभे, जे पाण्याने कुजत नाहीत आणि ज्यांना वाळवीही लागत नाही. दुसरीकडे वायरमन लोकांच्या शिड्या, कारण फायबरमधून वीज जात नाही. बाहेर पाण्याच्या टाक्या, आणि छपरांचे धुरकट पत्रे, ज्यांतून दिवसाउजेडी दिवा लावायची गरज पडत नाही. पेंटर दोन दिवस नुसता बघत हिंडला. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीने त्याला एका साच्यासमोर उभं केलं.

"तुम्ही आयुष्यभर शेवटी रंग मारलात," तो म्हणाला. "इथे आधी मारायचा. साच्याला मेण घासायचं, त्यावर रंगाचा थर द्यायचा, तोच जेलकोट. तो जरा धरला की त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, रेझिनने भिजवायची, रोलर फिरवून आतली हवा काढायची. मग दुसरी मॅट, तिसरी मॅट. शेवटी साच्यातून काढलं की पहिला थर बाहेर येतो. तोच लोकांना दिसतो. तिथे चूक झाली की झाली, वरून लपवायला जागा नाही."

पेंटरने मान हलवली. आयुष्यभर ज्या हाताने चुका झाकल्या, त्याला झाकायचं काही ठेवलंच नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्याने घोळ घातला. पेंटर लोकांची सवय अशी, की सकाळी दिवसभराचा रंग एका बादलीत कालवून घ्यायचा. त्याने तेच केलं. बादलीभर रेझिन घेतलं, रंग घातला, ते घट्ट करणारा हार्डनर घातला, ढवळलं आणि चहा प्यायला गेला. परत आला तो बादलीतून धूर निघत होता. हात लावला तर चटका बसला. आत त्याचा लाडका रुंद ब्रश दगडात रोवल्यासारखा ताठ उभा. मिस्त्रीने धावत येऊन बादली काठीने ढकलत बाहेर वाळूत नेली.

"हे रंगासारखं वाळत नाही," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "हे आतल्या आत तापून आवळतं. जेवढं पुढच्या थोड्या वेळात संपेल तेवढंच कालवायचं."

ती बादली शेडमधल्या लोकांनी दरवाज्याशी ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले. पेंटरने चार दिवस सोसलं, मग तोही दाखवू लागला.

मग जेलकोट पातळ मारला, तर त्याला म्हाताऱ्याच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडल्या. जाड मारला, तर तडे गेले. त्यातून खाज. काचेचे बारीक धागे मनगटात, मानेत शिरायचे आणि अंगभर चावत राहायचे. घरी येऊन तो कढत पाण्याने अंघोळ करायचा आणि खाज दुप्पट व्हायची.

"आधी गार पाणी घ्या म्हणावं," शेडमध्ये काम करणाऱ्या एका बाईने त्याच्या बायकोला बाजारात सांगितलं. "गरम पाण्याने कातडीची भोकं उघडतात, आणि ते आणखी आत जातं."

बायकोने एवढ्यावर भागवलं नाही. एका घट्ट विणीच्या कापडाच्या लांब बाह्या शिवल्या, दोन्ही टोकांना इलॅस्टिक घातलं, मानेसाठी बटणाची वेगळी पट्टी केली. पेंटर ते घालून शेडमध्ये गेला तेव्हा लोक हसले. दोन दिवसांनी त्यांतल्याच तिघांनी विचारलं, की वहिनींना सांगून आम्हालाही शिवून मिळतील का.

अक्काला हा सगळाच प्रकार पटत नव्हता. "शेवटी प्लास्टिकच ना?" ती म्हणायची. "आमच्या दवाखान्यात प्लास्टिकची बादली आली की महिन्याभरात कडी तुटलीच."

"वन्सं, हे तसलं नाही," बायको म्हणायची.

"तू तर त्याच्याच बाजूची. बाह्या शिवून फितूर झालीस."

हळूहळू पेंटरचा हात बसला. कडक उन्हात हार्डनर किती कमी घालायचा, ढगाळ दिवशी किती, हे त्याला मापाबरोबर हवेवरूनही उमगू लागलं. पिवळा म्हणजे पिवळाच यायला लागला, पहिल्या कठड्याला आणि शेवटच्या कठड्याला तोच. गिऱ्हाईक घरच्या भिंतीचा पोपडा घेऊन यायचं, आणि तो त्याला जुळणारा दरवाजा काढून द्यायचा. मिस्त्री त्याच्या पाठीमागे उभा राहून बघायचा आणि काही न बोलता निघून जायचा. मिस्त्री बोलला नाही की काम चांगलं झालंय असं समजायचं, हे पेंटरला एव्हाना कळलं होतं.

अशात खाडीवरच्या पुलाचं काम निघालं.

पेंटरची वस्ती खाडीच्या या अंगाला, बाजार, शाळा, दवाखाना, तारांचा कारखाना आणि मिस्त्रीची शेड त्या अंगाला. मधे पायी जायचा एक लोखंडी पूल होता. खाऱ्या पाण्याने त्याच्या तळाची अशी चाळण झाली होती, की नगरपालिकेने दोन्ही तोंडांना फळ्या ठोकून तो बंद केला. तेव्हापासून लोक लांबचा वळसा घेत. पोरं शाळेला उशिरा पोचत. अक्काचे गुडघे दुखू लागल्यावर तिचं पलीकडे जाणंच संपलं. तिकडे तिची दवाखान्यातली जुनी मैत्रीण राहायची. तिची खबर आता कुणीतरी आणून देईल तेव्हा.

नवा पूल बांधायचा तर काठावर सगळा चिखल, क्रेन उभी राहायला जागा नाही. नगरपालिकेच्या इंजिनिअरने फायबरचा पूल करायचं ठरवलं. तुळया एका मोठ्या कारखान्यातून तयार होऊन येणार होत्या. चालायच्या फळ्या आणि कठडे मिस्त्रीने करायचे होते. वस्तीतल्या लोकांना विचारून रंग ठरवा, असं इंजिनिअरने सांगितलं, आणि तिथेच सगळं अडलं.

वस्तीने सभा भरवली. कुणाला लाल हवा, कुणाला निळा. एक आजोबा म्हणाले, चंदेरी करा, लांबून लोखंडी वाटेल. भांडण वाढत गेलं, शेवटी सगळे पेंटरकडे वळले.

"तुम्हीच सांगा. तुमचा धंदा आहे."

"आत्ता नाही सांगत," पेंटर म्हणाला. "उन्हाळा जरा सरू दे."

त्याने लोकांनी मागितलेल्या एकूण एक रंगाचे हाताएवढे तुकडे केले. ते घराच्या छपरावर ओळीने मांडले आणि प्रत्येकाच्या निम्म्या भागावर वीट ठेवली. अख्खा उन्हाळा ते तुकडे तिथे तळत पडले. कपडे वाळत घालायला जाताना बायको विटा हलणार नाहीत अशी जपून पाय टाकायची. उन्हाळा सरत आला तसे त्याने ते तुकडे पिशवीत घालून पुढच्या सभेला नेले आणि एकेक करून लोकांच्या हातात दिले. विटेखालचा लाल लालच होता, उघडा भाग फिकट गुलाबी पडला होता. निळ्यावर पांढरट पावडर धरली होती. काळपट रंगाचे तुकडे उन्हात एवढे तापायचे, की हात ठेववत नव्हता. राखाडीकडे झुकणारा एक हिरवा मात्र दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच होता.

लोकांनी तो तुकडा बराच वेळ या हातातून त्या हातात फिरवला.

"तसा काही देखणा नाही," आजोबा म्हणाले.

"नाही," पेंटर म्हणाला. "पण तुमचा नातू पुलावरून जाईल तेव्हाही असाच दिसेल. निदान बराचसा."

हिरवा ठरला.

तुळया ओहोटीच्या वेळी आणल्या. ट्रक रस्त्यावरच थांबला. तिथून काठापर्यंत चिखलातून वाहून न्यायचं होतं. वस्तीतली माणसं दोन्ही बाजूंनी उभी राहिली आणि पहिली तुळई खांद्यांवर चढली. पेंटर मधोमध होता. थोडं अंतर गेल्यावर त्याच्या पुढच्या माणसाचा पाय चिखलात रुतला, तोल गेला आणि सगळा भार पेंटरच्या खांद्यावर कलला. तेवढ्यात कुणीतरी शेजारी घुसून खांदा दिला. पेंटरने मान वळवली. मामा होता. तो विजेच्या खांबाकडे बघत नव्हता. समोर बघत होता, आणि धापा टाकत होता.

 तुळई काठाशी ठेवली, दुसरी आणायला गेले. दुसरी ठेवून झाल्यावर मामाने कपाळ पुसलं.

"लोखंडाची असती तर वस्तीतले म्हातारे निम्मे इथेच संपले असते," तो म्हणाला. "आत काही भरलंय की नुसती पोकळच आहे?"

"पोकळच आहे. पेटीसारखी."

"मग बरोबर. तुझ्या डोक्यासारखी."

पेंटर हसला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने ते बाहीने पुसले, आणि बाहीवर कालचा भुगा असल्यामुळे दिवसभर डोळा चोळत बसला.

पूल उभा राहिल्यावर लोकांना सोडायच्या आधी इंजिनिअरने त्यावर वाळूची पोती रचायला लावली. काठापासून काठापर्यंत एक दोरी ताणून मधोमध पट्टीने मोजायचं, पूल किती लवतो ते. पोती चढत गेली तसा पूल डोळ्यांना दिसेल इतका खाली वाकला. काठावर जमलेल्या लोकांत कुजबुज झाली. पेंटरही मान पुढे काढून बघू लागला. मिस्त्री त्याच्या शेजारीच उभा होता.

"हे लोखंडापेक्षा जास्त लवतंच," तो हळू आवाजात म्हणाला. "लवलं म्हणजे मोडलं असं नाही. पण लोकांना पायाखाली हललेलं आवडत नाही, म्हणून तुळया गरजेपेक्षा उंच घेतल्यात."

रात्रभर पोती तशीच ठेवून सकाळी उतरवली. पूल जसा होता तसा वर आला. इंजिनिअरने पट्टी खिशात घातली आणि दोन्ही तोंडांच्या आडव्या फळ्या काढायला सांगितलं.

अक्का त्या दिवशी गेली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. "लोकांना जाऊन-येऊन होऊ दे," ती म्हणाली. एका दुपारी मात्र ती काठी घेऊन उठली. एका बाजूला भावजय, मागे पेंटर. पुलाच्या तोंडाशी थांबून तिने काठीने फळी ठोकून पाहिली, मग पाऊल टाकलं. पाचदहा पावलांवर ती थबकली.

"बाळ्या, हा हलतोय."

"हलणारच, अक्का. त्याची जातच तशी."

"तुझ्यासारखी." तिने कठडा धरला. भर दुपार असूनही तो हाताला पोळत नव्हता. तिने त्यावर तळवा ठेवला, तिथेच जरा उभी राहिली आणि खाली पाणी बघत राहिली. "रंग अगदीच पडेल आहे," ती म्हणाली. मग काठी भावजयीच्या हातात दिली आणि कठडा धरून पलीकडपर्यंत चालत गेली. मैत्रिणीच्या घरी तिने एवढ्या गप्पा मारल्या, की तिला परत आणायला पेंटरला दोनदा जावं लागलं.

आता ती एक दिवसाआड जाते. मैत्रिणीचे गुडघेही दुखतात, त्यामुळे दोघी पुलाच्या मध्यावर भेटतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडवून उभ्या राहतात. बायकोच्या बाह्यांना मागणी एवढी वाढली, की तिने मदतीला एक शेजारीण घेतली. मिस्त्रीच्या शेडमध्ये आता मास्कसोबत प्रत्येकाला बाह्यांचा एक जोड मिळतो. मामा अजून भट्टीपाशीच आहे. पेंटरने त्याला शेडमध्ये यायला सांगून पाहिलं. मामा म्हणाला, "मला उलटं काम जमायचं नाही. आधी वस्तू, मग रंग. या वयात मी देवालाही उलटा नमस्कार करणार नाही." कामावरून येताना मात्र तो शेडच्या दाराशी थांबतो, आणि दोघं पूल ओलांडून बरोबर घरी जातात.

सध्या पेंटरचं डोकं एका शाळेच्या छपराने खाल्लंय. त्यांना छपरासाठी असे पत्रे हवेत, ज्यांतून वर्गात उजेड येईल, पण मुलांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही. साधा धुरकट पत्रा चालतो, पण त्यातून वर्ग पिवळट दिसतो, आणि पांढरा जास्त घातला की अंधारतं. मॅट पातळ घेतली तर धाग्यांची नक्षी फळ्यावर पडते. त्याने सात-आठ तुकडे केलेत. रोज सकाळी तो ते एकेक करून खिडकीला लावतो आणि बायकोला विचारतो, की सुईत दोरा ओवता येतोय का.

"कालच्यापेक्षा बरा," ती आज म्हणाली. "पण पांढरा दोरा अजून राखाडी दिसतो."

त्याने तुकडा काढून घेतला, उजेडाशी धरून पाहिला आणि शेडकडे निघाला.